दोनशे चौदाव्याचा खोकला

"कोण, सासरे? अहो काका, ते जाऊन चार वर्षं झाली की," पलीकडची बाई म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं. बोलता बोलता तिने नळ बंद केला असावा, कारण एकदम सगळं शांत झालं. फोनकाकांच्या हातातलं पेन कागदापासून बोटभर उंचीवर थांबलं. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या त्या नोंदखोलीत उजेड यायचा तो छताजवळच्या बुटक्या खिडकीतून, आणि त्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. "चार वर्षं?" त्यांनी विचारलं. "चार वर्षं आणि वर एक महिना. तुम्ही कुठून बोलताय?" हॉस्पिटलातून, ते म्हणाले, हर्नियाच्या ऑपरेशनची चौकशी, दरवर्षीची. "अगं बाई, अजून करता? बरं, आता त्यांचं नाव काढून टाका हं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. काढून टाकायला कागदावर नाव नव्हतंच. होता तो नुसता आकडा, दोनशे चौदा. त्या आकड्याखाली गेल्या चार वर्षांची चार पानं होती, आणि चारही पानांवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: फुगवटा नाही. दुखणं नाही. स्वतः बोलले. खोकून पाहिले, काही नाही.

हॉस्पिटलात त्यांना लहानथोर सगळे फोनकाका म्हणत. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एक अभ्यास सुरू केला, तेव्हा केसपेपर लावणाऱ्या या कारकुनाला त्यांनी वरून खाली आणून बसवलं, कारण याचा आवाज मऊ, अक्षर मोत्यासारखं आणि चिकाटी मुंगीची. अभ्यासाचा प्रश्न लहान मुलालाही समजावा इतका साधा होता. पोटाची भिंत म्हणजे एक पिशवी समजा. जांघेत तिची शिवण जन्मापासूनच जरा कच्ची असते. वय, ओझी, खोकला, कुंथणं, कशानेही ती उसवते आणि आतलं आतडं त्या फटीतून बाहेर डोकावू लागतं. हा हर्निया. त्याला आत ढकलून फट बुजवायची, एवढंच ऑपरेशन. पण बुजवायची कशी? जुनी रीत अशी, की उसवलेल्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढून टाके घालायचे. नवी रीत अशी, की कडा ओढायच्याच नाहीत. फटीवर बारीक छिद्रांची एक जाळी पसरायची. काही आठवड्यांत मांस त्या छिद्रांतून वाढतं आणि जाळी भिंतीचाच भाग होऊन बसते. यातली कुठली रीत बरी? डॉक्टर मंडळींत ज्याचा त्याचा अनुभव आणि ज्याची त्याची फुशारकी. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी बंद पाकिटं केली. पेशंट टेबलावर आडवा झाला की पाकीट फोडायचं आणि आत 'जाळी' असेल तर जाळी, 'टाके' असेल तर टाके. सहाशे बेचाळीस माणसं. मग प्रत्येकाला वर्षातून एकदा फोन. आणि या सगळ्यातला कडक नियम असा, की फोन करणाऱ्याला कुणाच्या पोटात काय आहे ते कळता कामा नये. पेशंटलाही नाही. कळलं की विचारणाऱ्याचा सूर बदलतो, आणि सूर बदलला की उत्तर बदलतं. तेव्हा फोनकाकांनी अकरा वर्षं डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं काम केलं. "उभे राहा, जांघेवर हात ठेवा, आता जोरात खोका," ते म्हणायचे, आणि कुठल्या तरी घरातून, कुठल्या तरी उभ्या माणसाचा खोकला त्यांच्या कानात यायचा. वर्षानुवर्षं. खोकल्यांवरून ते माणसं ओळखू लागले होते. एकशे तीन खोकायच्या आधी हसायचा. चारशे चाळीस खोकून झाल्यावर "झालं?" असं विचारायचा, परीक्षेला बसल्यासारखा. दोनशे चौदाचा खोकला जाड, सावकाश, विहिरीत दगड टाकल्यावर यावा तसा जरा उशिराने येणारा. तो त्यांना आत्ताही ऐकू येत होता. गेल्या वर्षीचाही.

आणि नेमका गेल्याच आठवड्यात त्यांना स्वतःचा खोकला ऐकावा लागला होता. गेल्या बुधवारी वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना उजव्या जांघेत काहीतरी निसटल्यासारखं झालं. दुखलं नाही. घरी जाऊन न्हाणीघरात उभं राहून त्यांनी हात ठेवला आणि ते खोकले. तळहाताखाली काहीतरी मऊ येऊन टेकलं आणि परत गेलं, दार किलकिलं करून कुणीतरी बाहेर पाहावं आणि कुणी आहे असं दिसताच लोटून घ्यावं, तसं. ते पुन्हा खोकले. ते पुन्हा आलं. मग बराच वेळ ते खोकलेच नाहीत, पण हातही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि ते खो खो हसले. "काका, मासे विकणाऱ्याच्याच घशात काटा! पुढच्या शुक्रवारी करून टाकू. जाळीच घालायची. तुमच्याच कागदांनी सांगितलंय." अभ्यासाची शेवटची फेरी चालू होती, जेमतेम वीस फोन उरले होते, आणि कच्ची बेरीज झाली होती: नुसत्या टाक्यांच्या माणसांत बारांतल्या एकाला फुगवटा पुन्हा आलेला, जाळीच्या माणसांत तिसांतल्या एकाला. सोमवारी तो सगळा निकाल छापायला जाणार होता. त्यांच्या घरी कपाटाच्या फळीवर संमतीचा कागद पडला होता, कोरा, सहीची वाट पाहणारा. आणि आता हे दोनशे चौदा. एक मेलेला माणूस चार वर्षं नियमाने फोनवर येऊन खोकत होता, आणि त्याच्या त्या खोकल्यावर भरवसा ठेवून शुक्रवारी फोनकाकांच्या पोटात काहीतरी कायमचं बसवलं जाणार होतं.

त्या दिवशी त्यांनी पुढचे फोन केले नाहीत. चार पानं शेजारी शेजारी ठेवून ते बसून राहिले. खिडकीतून पाय जात होते, घाईचे, लंगडे, चाकाच्या खुर्चीचे. आपण हे फोन केले का? हा प्रश्न मनात आला तेव्हा तो परका वाटला नाही; तो तिथेच कुठेतरी कोपऱ्यात बसून होता आणि आता फक्त उठून उभा राहिला. त्यांना आठवलं, दुपारी अडीचच्या सुमाराला खोलीतली हवा जड व्हायची, पंखा एकाच जागी अडखळल्यासारखा आवाज करायचा, आणि फोनची रिंग जात असतानाच त्यांचं पेन 'फुगवटा' या शब्दापुढे 'नाही' लिहून मोकळं व्हायचं. घाई म्हणून नव्हे. दहातल्या नऊ माणसांचं उत्तर 'नाही' असतं, हात शिकतो. मग माणूस यायचा, 'नाही' म्हणायचा, आणि लिहिलेलं खरं ठरायचं. कधी 'हो' म्हणाला तर ते खोडायचे, नीट, एका रेषेने, बाजूला सही करून. असं किती वेळा? पण ज्या दिवशी रिंग वाजून वाजून थांबली असेल, त्या दिवशी? आधी लिहिलेलं 'नाही' खोडलं का आपण? की त्या वाजणाऱ्या रिंगमध्येच आपल्याला तो आवाज ऐकू आला? त्यांनी आठवून पाहिलं, आणि आठवला तो आवाजच. पहिल्या शब्दाआधी एक छोटा श्वास, मग "हां, बोला." असा स्पष्ट, की त्यांनी खोलीत मागे वळून पाहिलं. मागे गठ्ठे होते, वर्षवार लावलेले.

"तुम्ही जेवत का नाही?" संध्याकाळी बायकोने विचारलं. ती खिडकीशी बसून त्यांच्या जुन्या सदऱ्याचं कोपर दुरुस्त करत होती. त्यांनी सांगितलं, तेव्हा ती दोरा तोडत म्हणाली, "एवढंच ना? घरातल्या कुणी दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. लोक कंटाळतात हो तुम्हाला. हो म्हणायचं आणि सुटायचं." ते म्हणाले, कंटाळलेला माणूस खोकून दाखवत नाही. तिने सुईत नवा दोरा ओवला. "शुक्रवारचं ते वेगळं," ती म्हणाली. "त्याचं मला विचारा. ही बाही बघा. फाटलेल्या दोन कडा ओढून शिवल्या की शिवण टिकते, पण शेजारचं कापड फाटतं. ताण कुठे जाणार? आतून ठिगळ लावलं की ओढ नाही, ताण नाही. चाळीस वर्षं मी तुमच्या कपड्यांवर हेच करतेय. मला कुणी अभ्यासाला बोलावलं नाही ते सोडा." ते हसले. पण मनात म्हणाले, कापड मरत नाही. कापडाला विचारावं लागत नाही. सदरा 'हो, ठीक आहे' असं खोटं सांगत नाही. आणि तिचं म्हणणं खरं असेलही, तसं ते कुणालाही खरंच वाटतं. म्हणून तर पाकिटं केली होती, जे वाटतं ते खरं आहे का हे पाहायला. जेवताना त्यांना खोकला आला. त्यांनी दाबून धरला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बुधवारी दुपारी ते फोनच्या यादीतला पत्ता शोधत दोनशे चौदाच्या घरी गेले. असं करायचं नसतं. नियमात फोन होता, भेट नव्हती. फोनवरच्या बाईने, म्हणजे सुनेने, दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, भिंतीला नुकताच रंग दिलेला, त्यामुळे सामान परक्यासारखं भिंतीपासून हातभर दूर ओढून ठेवलेलं. फोन एका स्टुलावर होता. त्याच्या शेजारी खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती, रुंद खांद्यांची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी आपण कोण ते सांगितलं तशी ती ताठ बसली. "तुम्ही का ते?" ती म्हणाली, आणि फोनकाकांनी वाकून तिचा चेहरा पाहिला, कारण आवाज जाड होता आणि पहिल्या शब्दाआधी एक छोटा श्वास होता. "मला वाटलं तुम्ही तरुण असाल. फोनवर तरुण वाटता." सून म्हणाली, "आई, तुम्ही ओळखता यांना?" "ओळखते म्हणजे काय? दोनदा बोललोय आम्ही. भाऊ, बसा. रागावू नका. मीच बोलत होते."

मग तिने सांगितलं, सुनेकडे न बघता. "पहिल्या वेळी ठरवून नव्हतं. त्यांना जाऊन महिना झाला होता. तुम्ही विचारलंत, कशी आहे तब्येत? त्या महिन्यात येणारा प्रत्येक जण मला विचारायचा, तू कशी आहेस, तू कशी आहेस. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे. तुम्ही म्हणालात, उभे राहा, हात ठेवा, खोका. उभी राहिले. खोकले." "आई!" सून म्हणाली, "बाबांच्या आवाजात?" "अगं, माझा आवाज पहिल्यापासून असाच. लग्नात तुझे सासरे म्हणाले होते, घरात दोन पुरुष झाले." ती हसली आणि ते हसूसुद्धा जाड होतं. "दुसऱ्या वर्षी मात्र मी वाट पाहत होते, खरं सांगते. फोनशेजारी बसले होते. तुम्हाला नात झाल्याचंही सांगितलं. आठवतं?" त्यांना आठवत होतं, पानावरही लिहिलेलं होतं. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. म्हणजे फोन केले होते. कुणीतरी बोललं होतं. चूक होती, पण ती माणसांची होती, आणि माणसांच्या चुकीला कागदावर जागा करता येते. "आणि पुढची दोन वर्षं?" त्यांनी सहज विचारलं, पेन काढत. "पुढची कुठली?" ती म्हणाली. "पुढे आम्ही सगळेच मुलाच्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेलो. दोन वर्षं या घराला कुलूप होतं. गेल्याच महिन्यात परत आलो, म्हणून तर हा रंग."

त्यांनी पिशवीतून ती दोन पानं काढली. गेल्या वर्षीचं साधं होतं, फुगवटा नाही, दुखणं नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या पानाच्या तळाशी, जिथे पेशंट आपणहून काही बोलला तर लिहायचं असतं, तिथे त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. त्यांनी ती वाचून दाखवली. "नातीला दात यायला फार उशीर झाला, काळजी होती, आता आले, असे सांगत होते." सून हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. आतल्या खोलीत मुलगी एकटीच काहीतरी गुणगुणत होती. "तेरावा महिना लागला तरी एक दात नव्हता तिला," सून हळू म्हणाली. "दोन डॉक्टर केले. पण तिकडे. त्या गावाला. इथे कुणाला माहीत होतं? तुम्हाला कुणी सांगितलं काका?" फोनकाकांनी ती ओळ पुन्हा वाचली. नात झाल्याचं ठाऊक होतं. वर्षभराने दात येतात. पेन पुढे पळालं असेल. पण उशीर? काळजी? ते रिकामं घर त्यांना दिसलं, ओढून घेतलेले पडदे, कुलूप, आणि स्टुलावर वाजणारा फोन. वाजतोय, वाजतोय. आणि मग वाजायचा थांबतो. "एकदा खोकून दाखवाल?" त्यांनी म्हाताऱ्या बाईला विचारलं, आणि आपण हे विचारलं याचीच त्यांना लाज वाटली. ती उठली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, जांघेवर हात ठेवला, आणि खोकली. एकदम, कोरडं, लगेच. तो खोकला त्यांनी ओळखला. पण विहिरीतल्या दगडासारखा, उशिराने येणारा, तो दुसरा होता. तो हिचा नव्हता.

निघताना ती दारापर्यंत आली. "भाऊ, एक सांगा. आत काय होतं हो त्यांच्या? आम्हाला कधी सांगितलंच नाही, जाळी की टाके. मला रोज वाटतं. जाळी असेल तर ती कुजत नाही म्हणे. माणूस जातो आणि ती तशीच राहते, त्याच्या मापाची." त्यांनी सांगितलं की आपल्यालाही ठाऊक नाही, ठाऊक असायचं नसतंच. "तुम्हालाही नाही?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर दया आली. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला. प्रत्येक पायरीला आत ते मऊ काहीतरी दाराशी येत होतं.

सांगायचं की नाही? परतताना संपूर्ण वाटभर हाच एक प्रश्न. नाही सांगितलं तर सोमवारी कागद जातील, शुक्रवारी जाळी बसेल, आणि बहुतेक सगळं ठीकच होईल. सांगितलं तर अकरा वर्षांची सगळी पानं एकाच वेळी संशयित, कारण खरी कुठली आणि पळालेली कुठली हे त्यांना स्वतःलाच सांगता येणार नव्हतं. अक्षर सगळीकडे सारखंच सुंदर होतं. ज्याने 'नाही' ऐकून लिहिलं आणि ज्याने न ऐकता लिहिलं, ते दोघे एकाच खुर्चीवर बसत होते, एकाच डब्यातलं जेवत होते. आपण त्यातले कोण, हे पाहायला त्यांनी रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या काचेत डोकावलं. काचेतला माणूस आधीच त्यांच्याकडे बघत होता.

त्यांनी सांगितलं. आकडेबाईंच्या टेबलाशी उभं राहून, मोठ्या डॉक्टरांसमोर. आकडेबाई म्हणजे अभ्यासाची बेरीज करणाऱ्या बाई, चष्मा कपाळावर ठेवून कपाटभर चष्मा शोधणाऱ्या. कुणाच्या पाकिटात काय निघालं त्याची यादी त्यांच्याच कुलपात असे. त्या म्हणाल्या, "फोनकाका, मेलेला माणूस आपल्याकडे बराही नसतो आणि आजारीही नसतो. तो जिथवर जिवंत होता तिथवर मोजायचा आणि पुढे सोडून द्यायचा. एका माणसाने बेरीज हलत नाही." ते म्हणाले, "एकाने नाही हलत बाई. पण मला एकच ठाऊक झालाय." मोठे डॉक्टर टेबलावर बोटं वाजवत होते. "काका, सोमवारी छपाई आहे ना? आज सांगताय? बरं ऐका. जगात तुम्ही एकटे फोन करत नाही. किती देशांत, किती हॉस्पिटलांत असेच अभ्यास झालेत. सगळ्यांची बेरीज एकाच बाजूला झुकते, जाळीने फुगवटा पुन्हा यायचं प्रमाण कमी होतं. तुमचे कागद उद्या जाळून टाकले तरी ते बदलत नाही." फोनकाकांना ते दिसले. तळमजल्यांवरच्या खोल्या, एकापुढे एक, प्रत्येकीत एक मऊ आवाजाचा माणूस, कानाला फोन, आणि पेन आधीच कागदाला टेकलेलं. "तिकडचे फोनकाका कसे आहेत?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी बोटं वाजवायची थांबवली. आकडेबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "सगळे फोन परत करायचे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या माणसांनी. जमेल त्यांना बोलावून तपासायचं. छपाई थांबवा." "आणि माझं ऑपरेशनही थांबवा," फोनकाका म्हणाले. "मोजणी होईपर्यंत मी सही करणार नाही." डॉक्टर चिडले. "आतडं अडकलं तर? मग मोजत बसायला कोण राहील?" "अडकलं तर तुम्ही आहातच," ते म्हणाले.

तीन आठवडे दोन परिचारिकांनी शेजारच्या खोलीत फोन केले. फोनकाका आपल्या खोलीत बसून राहिले. त्यांना काही काम नव्हतं. पातळ भिंतीतून प्रश्न ऐकू यायचे, उत्तरं नाही. उभे राहा. हात ठेवा. खोका. मग गप्प. त्या गप्प वेळात त्यांच्या कानात खोकले उगवायचे, ठरल्या वेळी, प्रत्येकाचा ज्याचा त्याचा, आणि त्यांना ते थांबवता येईनात. जांघेतली गाठ आता नुसतं उभं राहिलं तरी यायची आणि परत जायला वेळ घ्यायची. एके सकाळी ती गेलीच नाही. ते टेबलाखाली पाठीवर आडवे झाले, गुडघे जवळ घेतले, तळहाताने हळूहळू ढकलत राहिले, लहान मुलाला झोपवताना थापटावं तसं, आणि खिडकीतल्या पायांकडे बघत राहिले. वीस मिनिटांनी ती आत गेली. पलीकडे परिचारिका म्हणत होती, "पुन्हा एकदा. जोरात."

आकडेबाई निकाल घेऊन स्वतः खाली आल्या. सहाशे बेचाळिसांतले अकरा जण वारले होते. त्यांतल्या पाच जणांनी मेल्यानंतर फोनकाकांच्या अक्षरात उत्तरं दिली होती. ती काढून टाकली. वीस जणांचा ठावठिकाणा लागेना. उरलेल्यांना विचारून, तपासून जे आलं, त्याने बेरीज जागची हलली नाही. जाळीची माणसं बरी होती, टाक्यांची जरा कमी बरी. "आणि गंमत ऐका," बाई आनंदाने म्हणाल्या, "तुमची पानं आणि आमची पानं, तीन माणसं सोडली तर तंतोतंत. इतकं जुळलेलं मी कधी पाहिलं नाही. तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत." त्या गेल्यावर फोनकाका हात मांडीवर ठेवून बसले. म्हणजे न विचारता लिहिलेलंही खरंच होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती. हाताला आधीच ठाऊक होतं. सुटका म्हणून हे ऐकायला हवं होतं, पण बंद खोलीत आपल्याशिवाय आणखी कुणीतरी इतकी वर्षं शांतपणे काम करत होतं, असं कळावं तसं त्यांना झालं.

कुलपातली यादी आता उघडली होती. त्यांनी दोनशे चौदाच्या घरी फोन केला. म्हाताऱ्या बाईनेच उचलला. "टाके होते," त्यांनी सांगितलं. "नुसते टाके. जाळी नव्हती." "म्हणजे त्यांचं आत काहीच उरलं नाही," ती म्हणाली. "नाही." "बरं झालं सांगितलंत भाऊ." मग तोच छोटा श्वास. "पण मग ती दोन वर्षं तुमच्याशी बोललं कोण?" ते म्हणाले, मला माहीत नाही. अकरा वर्षांत हे उत्तर त्यांनी कुणाचंच लिहून घेतलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ते खाटेवर बसले होते, हिरवा गाऊन घालून, पाय लोंबकळत. बायको बाहेरच्या बाकावर होती. मोठे डॉक्टर कागद घेऊन आले. "झाली ना खात्री? करा सही." "वाचून दाखवा," फोनकाका म्हणाले. "काका, हा कागद तुम्ही हजार वेळा पाहिलाय." "म्हणूनच म्हणतो." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि ते वाचू लागले. जाळी शरीरात कायम राहील. जखमेत पाणी साचू शकतं. दुखणं काही जणांना राहतं. क्वचित जाळी काढावी लागते. फुगवटा पुन्हा येण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. "कळलं? जाळी घालायला तुमची संमती आहे?" फोनकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जिभेच्या टोकाशी शब्द तयार उभा होता, नेहमीसारखा, प्रश्नाच्याही आधी येऊन थांबलेला. त्यांनी त्याला बाहेर पडू दिलं नाही. तो मागे फिरेपर्यंत ते थांबले. मग नुसती खोली उरली, औषधाचा वास, दाराबाहेर ढकलगाडीचं एक चाक. "काका?" डॉक्टर म्हणाले. "थांबा, अजून आलं नाही." डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या शेजारी खाटेच्या कडेवर बसले. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. "हो," फोनकाका म्हणाले. आवाज आपलाच आहे ना, हे नीट ऐकण्यासाठी त्यांनी मान जराशी कलती केली, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "हो. घाला जाळी."